पहिला अर्धा इंच माफ

मला खोटं बोलता येत नाही, असं गावात माझ्याबद्दल चांगलं बोललं जातं. लोकांना ठाऊक नाही. मी जन्मभर एकच खोटं बोलत आलोय आणि ते इतकं घोटून झालंय की झोपेत विचारलं तरी चुकणार नाही. "पाय कसा आहे?" असं कुणी विचारलं की, "काही नाही हो, एकदम मस्त." "जिना चढाल ना?" "दोन मजले? हात्तिच्या!" "रिक्षा करू या का?" "कशाला? पाच मिनिटांवर तर आहे." त्या पाच मिनिटांना मला वीस मिनिटं लागतात, आणि रात्री बायको गरम पाण्याची पिशवी पोटरीला धरून बसते, तेवढा भाग मी गाळतो.

पाय उजवा. मी दोन वर्षांचा असताना ताप आला, उतरला, आणि जाताना पायातली ताकद बरोबर घेऊन गेला. त्या काळात बदलापूर गावात याचं कुणाला नवल वाटत नसे; दर आळीत एखादं पोर असं असायचंच. गावात नाव ठेवायची पद्धत सरळ. मला ‘लंगड्या’ म्हणत, आणि म्हणणाऱ्यांत माझा चुलतभाऊ आघाडीवर होता. क्रिकेटमध्ये मी कायमचा अंपायर. पायचीत मी फार देतो, अशी तक्रार होती. ती खरी होती.

27 मार्च 2014 रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. मी टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या, म्हणजे भिंतीला टेकून. देशाला प्रमाणपत्र मिळालं, पण माझ्याकडे माझं नव्हतं. कधी काढलंच नाही. "मी काय अपंग आहे का?" हा माझा त्यावरचा ठरलेला प्रश्न, आणि तो मी अशा आवाजात विचारायचो की समोरचा विषय बदलून पावसावर जायचा.

आयुष्य टायपिंग क्लासवर गेलं. बसून करायचं काम म्हणून धरलं, मग आवडलं. गावातल्या निम्म्या लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारसाचे दाखले माझ्या मशीनवर टाइप झालेत. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून’ हे शब्द मी किती वेळा बडवले असतील याचा हिशेब नाही. त्यामुळे माझी एक ठाम समजूत होती, की सरकार नावाच्या प्राण्याची भाषा बदलापुरात फक्त मला येते. पुढं जे झालं ते याच समजुतीमुळे.

सुरुवात हिच्यामुळे झाली. 2024 च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजना आली आणि हिच्या खात्यात महिन्याला 1500 रुपये पडायला लागले. ही डबे करते, पैसा तिनं पाहिला नव्हता असं नाही. पण न रांधता आलेला हा पहिलाच. चालण्यात एक निराळा डौल आला. पुढच्या वर्षी वर्तमानपत्रात बातमी आली की संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांचं मानधन 1500 चं 2500 होणार. हिनं ती बातमी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि माझ्या पायाकडे प्रथमच आदरानं पाहिलं.

"तुमचा पाय," ती म्हणाली, "माझ्यापेक्षा हजार रुपयांनी पुढं आहे."

ही योजना 1980 सालची, अंतुले मुख्यमंत्री असतानाची. माझ्याच मशीनवर तिचे अर्ज कितीतरी जणांसाठी टाइप झाले. 2019 पर्यंत महिन्याला 600 मिळत, मग 1000 झाले, 2023 मध्ये 1500. 2025 च्या जूनमध्ये माजी आमदार बच्चू कडू मोझरीला अन्नत्याग करून बसले तेव्हा त्यांची मागणी 6000 ची होती, मिळाले 2500. मागताना सहा मागावेत तेव्हा अडीच मिळतात, हा बाजारातला नियम विधिमंडळातही चालतो. दुसऱ्यांसाठी मी हे सगळं जाणून होतो. स्वतःसाठी फॉर्म भरायचा म्हटल्यावर मात्र पोटात गोळा आला.

प्रमाणपत्राच्या नावावर घरात एकच कागद होता. लहानपणी आईनं कुठल्याशा डॉक्टरकडून लिहून घेतलेली चिठ्ठी. 2005 च्या 26 जुलैला उल्हास नदी गावात शिरली तेव्हा पेटीतले कागद भिजले. त्या चिठ्ठीवरचं अक्षर धुऊन गेलं आणि गोल शिक्का तेवढा राहिला. मी ती प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, केस विंचरून, स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. हा पोरगा माझा विद्यार्थी. चाळीस शब्दांच्या परीक्षेत मी त्याला दोनदा नापास केला होता.

"सर, हे फ्रेम करून ठेवा," तो म्हणाला. "1 जून 2021 पासून फक्त ऑनलाइनच चालतं. स्वावलंबन पोर्टल, युडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. आधार द्या, ओटीपी येईल."

मग त्यानं मला शिकवायला घेतलं. टक्के 40 च्या खाली आले तर पांढरं कार्ड, 40 ते 80 पिवळं, 80 च्या वर निळं. पूर्वीच्या, 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात एकवीस. "तुमचं चलनवलनवालं," तो म्हणाला आणि खटकन टिक मारली. इतकी वर्षं मी जे कुणाला सांगितलं नव्हतं ते एका टिकेत झालं. "40 आले की झालं सर. पास." दोनदा नापास केलेल्या पोराच्या तोंडी हा शब्द जरा जास्तच गोड लागत होता, असं मला वाटलं.

तपासणीची तारीख आली. सरकारी रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण जे झालं त्यात रुग्णालयाचा काही दोष नाही. सकाळच्या लोकलला बदलापूरला उभं राहायला जागा मिळणं हीच एक शारीरिक चाचणी आहे; ती पास होणाऱ्याला 40 टक्के देऊ नयेत असं सरकारनं म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मी मनाचा हिय्या करून दिव्यांगांच्या डब्यात चढलो. आयुष्यात पहिल्यांदा. खिडकीशी बसलेल्या, काळा चष्मा लावलेल्या गृहस्थांनी लगेच मान वळवली.

"कार्ड आहे का शेठ?"

"काढायलाच चाललोय," मी म्हणालो. "पाय..."

"पाय कळला. उजवा. पाऊल वाजलं तुमचं चढताना, खरं आहे ते. या डब्यात खोटी पावलं बरीच येतात, म्हणून विचारलं. पण कार्ड पाहिजे हं."

जे लंगडणं लपवण्यात मी हयात घालवली, ते न बघता दोन पावलांत ओळखणारा हा पहिला माणूस. वांगणीचे होते. वांगणी आमच्याच अंबरनाथ तालुक्यात, बदलापूरच्या पुढचं स्टेशन. तिथं दृष्टिहीनांची बरीच कुटुंबं राहतात. जागा त्यातल्या त्यात स्वस्त आणि लोकल दाराशी. लोकलमध्ये पिना, किचेन, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्यांतले पुष्कळजण तिथले. हे भाऊही तोच धंदा करायचे. 17 एप्रिल 2021 ला वांगणी स्टेशनवर एका अंध आईचं मूल रुळावर पडलं आणि मयूर शेळके नावाच्या पॉइंट्समननं धावत जाऊन गाडी येण्याआधी त्याला वर ढकललं, ते सगळ्या देशानं मोबाइलवर पाहिलं. शेळकेंना 50 हजारांचं बक्षीस मिळालं आणि त्यातले निम्मे त्या मुलासाठी देण्याचं त्यांनी जाहीर केलं. मी तो विषय काढला.

"देव माणूस," भाऊ म्हणाले. "50 हजार म्हणजे आमची वर्षाची मर्यादा. त्या पोरानं अर्धी मर्यादा देऊन टाकली."

कसली मर्यादा ते मला तेव्हा कळलं नाही, पण सरकारची भाषा येणाऱ्या माणसानं कसं विचारायचं? मी जाणत्यासारखी मान हलवली. ती त्यांना दिसली नाही, हे नंतर लक्षात आलं.

उतरण्याआधी त्यांनी एक सल्ला दिला. "डॉक्टरसमोर शहाणपणा करू नका. जे होत नाही ते होत नाही म्हणा."

"म्हणजे नाटक करू?"

"नाटक तुम्ही घरी करता ते बंद करा, एवढंच सांगतोय."

रुग्णालयात रांग होती. रांगेत कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, कडेवर मोठाली मुलं घेतलेल्या आया. मी या सगळ्यांकडे पाहिलं आणि माझा तो जुना रोग उफाळून आला. एका म्हातारीला मी माझी खुर्ची दिली. मग एका बाईंची पिशवी दुसऱ्या मजल्यावर पोचवून आलो. मग फॉर्म भरता न येणाऱ्यांचे फॉर्म भरून देऊ लागलो, एका पायावर उभा राहून, म्हणजे डाव्या. शिपायाला वाटलं मी कुठल्या तरी संस्थेचा कार्यकर्ता आहे. त्यानं मला चहा आणून दिला. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी तडक उठून चालत आत गेलो. मी एवढा चांगला त्याआधी कधी चाललो नव्हतो आणि नंतरही नाही.

आत एक तरुण डॉक्टरीणबाई. "बसा आजोबा."

तिथंच माझं बिघडलं. आजोबा! माझी साठी नुकतीच उलटली होती. आता या मुलीला दाखवतोच, असं मनानं घेतलं. टेबलावर झोपवून तिनं टेप काढली आणि कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले. उजवा दोन इंच आखूड. मला अभिमान वाटला. निदान इथं तरी आकडा चांगला आला होता. मग ती पायाला हात लावून म्हणाली, "माझ्या हाताला जोर लावून ढकला."

मी ढकललं. दात खाऊन ढकललं. मांडी साथ देईना तेव्हा कंबर उचलून, टेबलाची कड धरून ढकललं. डॉक्टरीणबाईंचा हात हलला. "अरे वा," त्या म्हणाल्या आणि काहीतरी लिहिलं. स्नायूंच्या ताकदीला शून्य ते पाच असे गुण देतात, हे मला नंतर कळलं. जितके गुण जास्त, तितकं अपंगत्व कमी. शाळेत मास्तरांनी ढकलगाडी करून वर चढवलेल्या मला या एकाच परीक्षेत उत्तम गुण पडायचे होते.

"जिने चढता येतात?"

"बदलापूरचा पूल रोज चढतो मी. तुम्ही पाहिलाय का तो?"

"खाली मांडी घालून बसता?"

"पंगतीला बसतो की!" (बसतो. उठवायला दोघं लागतात.)

"दुखतं का?"

आणि मी, बाहेर पडल्यावर ज्याच्याबद्दल माझीच मला शरम वाटली, ते वाक्य बोललो: "काही नाही हो, एकदम मस्त."

निकाल लागला. 38 टक्के.

घरी येऊन मी नियमांचा अभ्यास केला, आणि अभ्यास करताना मला केंद्र सरकारच्या विनोदबुद्धीबद्दल प्रथमच खात्री पटली. पाय आखूड असला तर टक्के कसे द्यायचे? तर पहिला अर्धा इंच माफ, म्हणजे शून्य. त्यापुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला 4 टक्के. माझे दोन इंच, त्यातला पहिला अर्धा सरकारजमा, उरलेले तीन अर्धे, बारा टक्के. देवानं कापलेला पाय आणि त्यातून सरकारनं कापलेली पहिली खेप. पुढं बेरीज. दोन वेगवेगळ्या उणिवा असल्या तर त्या सरळ मिळवत नाहीत. मोठी घ्यायची, तिच्यात धाकटी मिळवायची, पण धाकटीला आधी नव्वदातून मोठी वजा करून त्यानं गुणायचं आणि नव्वदनं भागायचं. याप्रमाणं 20 आणि 20 मिळून 40 होत नाहीत, साडेपस्तीसच्या आसपास होतात. टायपिंगची परीक्षा घेताना मी चुकांना दंड लावायचो, तेव्हा पोरं मला शिव्या देत. मला वाटतं त्यांतला एखादा पुढं दिल्लीला गेला असावा. गंमत बाजूला ठेवतो. माणसाला एका बाजूनं शंभराच्या पलीकडे अपंग करता येत नाही, म्हणून ही असली बेरीज लागते, हे मला पटलं. एका डोळ्यानं पूर्ण आंधळा आणि दुसऱ्यानं धडधाकट असलेल्या माणसाला मात्र याच नियमांत 30 टक्के आहेत, म्हणजे तो 40 च्या दारात कधीच पोचत नाही. ते मला अजून पटलेलं नाही.

पांढरं कार्ड आलं. हिनं ते हातात घेऊन उजेडाला धरलं.

"पांढरं?" ती म्हणाली. "आपलं रेशनकार्ड केशरी. आयुष्यात पहिलं पांढरं कार्ड मिळालं, तेही पायाचं!"

महाराष्ट्रात रेशनकार्ड पांढरं मिळतं ते लाखाच्या वर उत्पन्नवाल्यांना, गरिबाला पिवळं. गरिबाला हवं असतं ते या खात्यातही पिवळंच आहे, हा योगायोग हिच्या लगेच ध्यानात आला. मी मात्र थाटात म्हणालो, "दोन टक्क्यांनी हुकलं. पण बघ, म्हणजे पाय तसा चांगलाच आहे." त्यावर ती जे बोलली ते छापण्यासारखं नाही.

लोकलमध्ये वांगणीचे भाऊ भेटले तेव्हा मी रडगाणं गायलो. ते हसले. "खोट्यांची तयारी असते हो. कुठं लंगडायचं, कुठं थांबायचं, सगळं पाठ. 2024 ला त्या शिकाऊ कलेक्टरणीच्या दिव्यांग प्रमाणपत्राचं प्रकरण झालं, तेव्हापासून आम्हा खऱ्यांची कार्डं पुन्हा पुन्हा तपासतात. खऱ्याला पाठ काहीच नसतं. फेरतपासणी मागा. आणि वहिनींना बरोबर न्या."

"तिचं काय काम?"

"तुमचा पाय रात्री कुणाजवळ असतो?"

फेरतपासणी मागता येते. प्रमाणपत्राबद्दल तक्रार असेल तर अपिलाची सोय 2016 च्या कायद्यातच आहे. अर्ज मी स्वतः लिहिला. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून.’ आयुष्यातला माझा तो सर्वांत सुंदर अर्ज, तीन परिच्छेद, एकही खाडाखोड नाही. मला तपासायला बोलावलं गेलं ते त्या अर्जामुळे, असं मी मानतो. टक्के मात्र हिच्यामुळे बदलले.

दुसऱ्या वेळचे डॉक्टर वयस्क होते. त्यांनी विचारलं, "जिने चढता येतात?" मी तोंड उघडलं. हिनं माझ्या मांडीवर हात ठेवला, हात म्हणजे चिमटा, आणि ती बोलायला लागली. चढतात, पण कठडा धरून, आणि वर गेल्यावर बाकावर बसून राहतात, लोकांना सांगतात की गाडीची वाट बघतोय. पावसाळ्यात मोरीत पडतात, मागच्या वर्षी खांदा सुजला होता, शेजारी म्हणाले काय झालं तर म्हणे माळ्यावरून सामान काढताना. रात्री पोटरीला गोळे येतात. पायात घालायचा पट्टा आणि पत्र्याचा बूट मिळाला होता तो एकदाही घातला नाही, कारण त्याचा आवाज होतो. क्लासमध्ये पोरांना उठून काही दाखवायचं तर आधी खुर्ची भिंतीला लावून घेतात. ती न थांबता बोलत होती. मी टेबलावर पडून छताकडे बघत होतो. माझ्या अनेक वर्षांच्या मेहनतीचा असा एकेक खिळा उपसला जात होता, आणि डॉक्टर मधून मधून फक्त "हं, पुढं" म्हणत होते.

"आता ढकला," ते म्हणाले. मी ढकललं. "कंबर खाली ठेवा," ते म्हणाले. मी ठेवली. त्यांचा हात हलला नाही.

44 टक्के. पिवळं.

आता खरी गंमत. टक्के हा अर्धाच रस्ता असतो हे मला, सरकारची भाषा जाणणाऱ्याला, कळायला हवं होतं. संजय गांधी योजनेच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो. झेरॉक्सवाल्या माझ्या विद्यार्थ्यानं हळूच विचारलं, "सर, किती लिहायचं? सगळे 48-49 लिहितात." मी ताठ झालो. आमच्या घरी वर्षाला 49 हजार येतात असं गावात कळलं तर चारचौघांत बसायचं कसं? मी तलाठ्याकडे जाऊन क्लासचे इतके, डब्यांचे इतके, असे बारा महिन्यांचे लाखाच्या वर लिहून दिले. लोक याला प्रामाणिकपणा म्हणाले. त्यातला अर्ध्याहून जास्त भाग मिजाशीचा होता.

तालुक्याच्या कार्यालयातल्या बाई अतिशय सभ्य. बसायला खुर्ची, पाण्याचा ग्लास. पिवळं कार्ड पाहून त्या म्हणाल्या, "हे छान झालं." दाखला पाहून म्हणाल्या, "हे नाही चालणार काका." इतर निराधारांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21 हजार आहे. दिव्यांगांना सवलत म्हणून ती 50 हजार. वांगणीच्या भाऊंनी गाडीत सांगितलेली मर्यादा ती ही. 50 हजार म्हणजे सगळ्या घराला मिळून महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट. एवढ्यात जो घर चालवतो त्याला अपंग म्हणण्याऐवजी जादूगार म्हणायला हवं.

घरी आल्यावर ही हिशेबाला बसली. लाडक्या बहिणीला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत चालतं. दिव्यांग निराधाराला 50 हजारांपर्यंतच. दोन्ही पैसे एकाच राज्याच्या तिजोरीतून, आणि आमच्या घरात एकाच चुलीवर शिजणार. हिनं वही मिटली.

"म्हणजे मी लाडकी आहे," ती म्हणाली, "आणि तुम्ही साधे निराधारसुद्धा नाही."

पिवळ्या कार्डाचा उपयोग शोधण्यात मग मी काही दिवस घालवले. आयकरात एक कलम आहे: 40 टक्क्यांवर अपंगत्व असेल तर उत्पन्नातून 75 हजारांची वजावट, 80 च्या वर सव्वा लाख, तीही फक्त जुन्या करपद्धतीत. म्हणजे मानधन हवं तर वर्षाला 50 हजारांहून जास्त कमावू नका, आणि करात सवलत हवी तर कर बसेल इतकं कमवा. दोन्ही कागद शेजारी ठेवून मी बराच वेळ पाहत बसलो. मधला माणूस, जो महिन्याला आठ-दहा हजारांत घर चालवतो, तो यांतल्या कुठल्याच रकान्यात नाही. आणि बहुतेक अपंग माणसं त्या मधल्याच जागेत राहतात, निदान मला डब्यात भेटणारी तरी. रेल्वेच्या भाड्यात सवलत हवी तर हातापायानं अधू माणसाला ‘सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाही’ असा दाखला डॉक्टरांकडून लागतो. आमच्या डॉक्टरीणबाईंना मी बदलापूरचा पूल तोंडी चढून दाखवला होता, तेव्हा तिकडे पुन्हा जायची सोय नव्हती. एसटीत मात्र 75 टक्के सवलत आहे, ती मिळते. मुरबाडला मेव्हण्याकडे जाणं वाढलंय. मेव्हण्याला त्यामागचं कारण माहीत नाही, त्याला वाटतं लळा.

राहता राहिला नगर परिषदेचा 5 टक्के निधी. पालिका असो, नगर परिषद असो की ग्रामपंचायत, स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा नियम आहे. पूर्वी 3 होते, 2016 चा कायदा आल्यावर 5 झाले. 2022 च्या डिसेंबरात राज्यानं दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातंच काढलं. हे मला कुणी सांगितलं? वांगणीच्या भाऊंनी. तेही कव्हरं विकता विकता, अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या मधे, कलमांसकट. ती कलमं त्यांनी दुसऱ्याकडून वाचून घेऊन पाठ केलेली. मी त्यांना विचारलं, तुमचं मानधन चालू आहे का? चालू आहे म्हणाले. पण दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. "मी जिवंत आहे हे सिद्ध करायला वर्षातून एकदा धंदा बुडवतो. त्या दिवशी अर्धमेला असतो."

सध्या क्लासमधल्या रिकाम्या टेबलावर मी लोकांचे युडीआयडीचे फॉर्म भरून देतो. पैसे घेत नाही, चहा घेतो. आलेल्याला आधी एकच विचारतो: घरून कोण आलंय बरोबर? एकटा आला असेल तर परत पाठवतो आणि बायको, आई, भाऊ, जो कुणी रात्री त्याच्याजवळ असतो, त्याला घेऊन यायला सांगतो. परवा एक पोरगा आला, हाताला जन्मापासून व्यंग. "काय काय जमत नाही?" विचारलं तर म्हणाला, "काही नाही सर, सगळं जमतं." मी त्याच्या आईकडे पाहिलं. तिनं पदर खोचला आणि बोलायला सुरुवात केली; मी टाइप करत गेलो.

तेव्हा तुमच्या घरात कुणी असं असेल तर तपासणीला त्याला एकट्याला धाडू नका, आणि तो "मस्त" म्हणाला की मधेच तोडा. उत्पन्नाच्या रकान्यात मात्र खरं तेच लिहा. 49 हजार लिहून तुमचं एकाचं काम होईल, मर्यादा 50 हजारांवरच बसून राहील. ती मंत्रालयातूनच वाढवून घ्यावी लागेल. तसा एक अर्ज मी टाइप करून ठेवलाय. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून’ असा सुरू होतो. सही करायची असेल तर बदलापूर गावात या. जिना नाही, क्लास तळमजल्यावर आहे.